दगडाला आधी गाव विचारा

खान्देशात विहीर खणताना, खडीसाठी खाणीत सुरुंग उडवताना किंवा रस्त्यासाठी टेकडी कापताना काळ्या दगडाच्या पोटात मधूनच काहीतरी चमकतं. पांढरं, हिरवट, कधी फिकट गुलाबी. हातात घेणारा म्हणतो, गारगोटी आहे. पुष्कळदा ती गारगोटी नसते. परदेशांतल्या संग्रहालयांत काही देखण्या स्फटिकांखालच्या चिठ्ठीवर 'जळगाव' हे नाव असतं, आणि आपल्या हातातला तुकडा त्यांच्याच भाऊबंदांपैकी असू शकतो.

तो ओळखायचा कसा? बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. ॲपोफिलाइट हे एकच खनिज पाण्यासारखं नितळ, दुधी किंवा पोपटी अशा कुठल्याही रूपात भेटतं. हिरवा रंग येतो तो व्हॅनेडियमच्या अगदी किंचित अंशामुळे. म्हणून रंगाकडे नंतर वळावं. दगडाला आधी त्याचं गाव विचारावं.

धुळे-जळगावात हे विचारण्याचा मोठा फायदा होतो. इथला बहुतेक खडक एकाच घराण्यातला, बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर चढले आणि आजही त्यांनी दख्खनचा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भाग व्यापलेला आहे. लाव्हा थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे आतच अडकले. पुढे खडकातून झिरपणारं गरम पाणी त्या पोकळ्यांत सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणून सोडत राहिलं आणि स्फटिक वाढू लागले. सगळ्यात थक्क करते ती त्यांची सवड. दख्खनच्या काही ॲपोफिलाइटचं वय मोजलं, तेव्हा ते सुमारे दोन ते सहा कोटी वर्षं इतकं निघालं. म्हणजे लाव्हा केव्हाच थंडावला होता, डायनोसॉर संपले होते, तरी त्या बंद पोकळ्यांमधलं काम चालूच होतं! जमिनीखाली पाणी तापतं हे आजही पाहायचं असेल तर चोपडा तालुक्यात अडावदजवळच्या उनपदेवला जावं.

तेव्हा बेसाल्टच्या पोकळीतून निघालेल्या तुकड्यासाठी शेकडो नावं चाळावी लागत नाहीत. गारगोटी आणि तिचे नातलग, कॅल्साइट, झिओलाइट गटातली काही खनिजं आणि ॲपोफिलाइट, एवढ्यांतच बहुतेक वेळा उत्तर सापडतं. (नदीच्या पात्रातल्या गोट्याचं मात्र तसं नाही, तो कुठून वाहत आला याचा भरवसा नसतो.)

मग यांतलं नेमकं कोणतं हे ठरवायला तांब्याची जाड तार, चाकू, काचेचा तुकडा आणि लिंबू एवढं पुरतं. गारगोटीची कठिनता मोह्सच्या मापात ७. ती काचेवर सहज ओरखडा काढते आणि तिला चाकू लागत नाही. कॅल्साइट ३ वर, त्याला चाकू चटकन लागतो. शिवाय त्याची पूड करून वर लिंबू पिळलं की बारीक फेस येतो. झिओलाइट आणि ॲपोफिलाइट हे कठिनतेत गारगोटी आणि कॅल्साइट यांच्या मधले. तार त्यांच्यावर चालत नाही, चाकू चालतो. ओरखडा मात्र कडेला, न दिसणाऱ्या जागी काढावा. स्फटिकाचं टोक एकदा गेलं की गेलं.

यानंतर भिंग घ्यावं. ज्वारीची पेंढी मधोमध आवळून बांधली की दोन्ही टोकांना पसरते, तसा स्फटिकांचा जुडगा दिसला तर तो स्टिलबाइट. सुयांचा झुबका असेल तर स्कोलेसाइट असण्याची शक्यता मोठी. ॲपोफिलाइट तर पाहतच राहावा असा. त्याचा चौकोनी खांब कधी टोकदार असतो, कधी वरून इतका सपाट की घनच वाटावा. पण सगळ्या बाजू सारख्या नसतात. बाजूच्या पृष्ठांवर उभ्या बारीक रेषा असतात आणि काचेसारखी चमक. वरचं सपाट पृष्ठ मात्र मोत्याच्या झळाळीचं. तो फुटतोही त्याच पृष्ठाला समांतर, सरळ चकत्यांनी. स्फटिक प्रकाशात हळूहळू फिरवला की काचेची चमक मोत्याच्या झळाळीत बदलताना दिसते आणि अणूंची आतली मांडणी बाहेरून डोळ्यांना कळते. मला तरी खनिजशास्त्रात याहून मोठा आनंद ठाऊक नाही.

काळ्या दगडालाही कमी लेखू नये. दोऱ्याला बांधलेलं छोटं लोहचुंबक ताज्या फुटलेल्या बेसाल्टजवळ धरलं की ते दगडाकडे ओढलं जातं, कारण त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. हे कण लाव्हा थिजताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसले. क्लेग हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या दगडांमधली ही दिशा मोजून प्रसिद्ध केली, तेव्हा दिसलं की हा लाव्हा वाहत होता त्या वेळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. लाव्हा वर आला त्या भेगाही धुळे भागात उघड्यावर आहेत. भेगेतच थिजलेला खडक आजूबाजूपेक्षा चिवट, म्हणून तो शेतांमधून लांबच लांब भिंतीसारखा उभा राहिला आहे. साक्री-धुळे-पारोळा ही अशी एक भित्ती तर ७९ किलोमीटर लांब.

दगड असा पारखून घेणं काही नवं नाही. चाळीसगावजवळ पाटणे इथं पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात उत्खनन केलं. हजारो वर्षांपूर्वी तिथं राहणाऱ्या माणसांनी जास्पर आणि कॅल्सिडोनी हे गारगोटीचे नातलग हत्यारांसाठी नेमके निवडले होते. हे दगड शिंपल्यासारखे वक्र फुटतात आणि धारदार कडा देतात.

या सगळ्या कसोट्या लावूनही एखादा दगड कुठेच बसत नाही. १८४३ मध्ये खान्देशात माणेगाव इथं आकाशातून एक दगड पडला. तो डायोजेनाइट जातीची उल्का निघाला, आणि ही जात व्हेस्टा या लघुग्रहावरून आली असं शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा पातळ, काळी, वितळल्यासारखी साल असलेला आणि आजूबाजूच्या खडकाशी न जुळणारा दगड मिळाला तर तो फोडू नये, धुऊ नये. जागा आणि तारीख लिहून ठेवावी आणि दगड जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात दाखवावा.