आपोआप भरलेला ‘जिल्हा: जालना’

रिसर्चच्या फायलींचा ढीग वाढायला लागला की कुणीतरी सांगतंच, ‘टेम्पलेट करून ठेव.’ इमॅक्स वापरत असाल तर त्यात ऑटो-इन्सर्ट-मोड आहे. तो मुळात बंद असतो. चालू केलात की नवी, रिकामी फाइल उघडताना इमॅक्स आधी विचारतो आणि मग ठरलेला मजकूर भरतो: तुमचं नाव, तारीख, जे काही ठेवलं असेल ते. दरवेळी विचारतो म्हणून वैतागून ऑटो-इन्सर्ट-क्वेरी ‘निल’ केलीत, की तिथून पुढे मजकूर न विचारता येतो.

आता समजा, तुम्ही जालना जिल्ह्यातल्या गावांची जनगणनेतली माहिती जमवताय. दर गावाला, दर जनगणनेला एक फाइल. टेम्पलेटमध्ये ‘जिल्हा: जालना’ लिहून ठेवलंत. २०११ ला ते बरोबर, १९९१ लाही. १९८१ ला? जनगणना झाली फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला! त्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या २६ जिल्ह्यांत जालना नाहीच. अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि खुद्द जालना तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूर परभणीत. म्हणजे जुन्या फायलींत सरसकट ‘औरंगाबाद’ भरूनही भागत नाही.

हाताने टाइप करताना ‘जलना’ झालं तर ते डोळ्याला खुपतं. आपोआप आलेला ‘जालना’ मात्र प्रत्येक फायलीत शुद्ध, एकसारखा असतो, म्हणून तपासताना नजर त्यावरून घसरते. तुमची जिल्हावार बेरीज छापील तक्त्याशी जुळेना, तेव्हा कुठे शोधाशोध सुरू होते. तारखेचंही तेच. टेम्पलेट भरतं ती फाइल उघडल्याची तारीख, गावात सर्व्हे केल्याची नव्हे.

मग टेम्पलेट वापरायचंच नाही का? वापरा की. तुमचं नाव, प्रकल्पाचं नाव खुशाल आपोआप येऊ द्या. पण जे फायलीगणिक बदलू शकतं, ते विचारून घ्या. इमॅक्सच्या स्केलेटनमध्ये सुरुवातीलाच अवतरणात प्रश्न लिहिता येतो, उदाहरणार्थ ‘त्या वर्षीचा जिल्हा?’ तुम्ही दिलेलं उत्तर, जिथे ‘एसटीआर’ ही खूण ठेवली असेल तिथे जाऊन बसतं. क्वेरी ‘निल’ असली तरी हा प्रश्न येतोच. उत्तर माहीत नसेल तर नुसतं एंटर दाबा, जागा रिकामी राहू द्या. रिकाम्या जागा नंतर एका ग्रेपमध्ये सापडतात.