डायल-अप मोडेम : जुना कोणता, नवा कोणता?

खापर, अक्कलकुवा, सागबारा या पट्ट्यात जुने संगणक भंगारात किलोच्या भावाने जातात. त्यांच्याबरोबर फोनच्या तारेवर इंटरनेट आणणारे डायल-अप मोडेमही जातात. पंचवीस वर्षांपूर्वीचा डबा आणि वीस वर्षांपूर्वीचा डबा एकाच काट्यावर पडतो. आमच्या मते हा धंद्याचा तोटा आहे. गिऱ्हाईक थोडे आहे, पण आहे. कुणाला संगणकातून फॅक्स पाठवायचा असतो, कुणाकडे जुने यंत्र मोडेमशिवाय चालत नाही, कुणी शौकीन जुना संगणक पुन्हा उभा करतो. असा माणूस वजन विचारत नाही, नेमका प्रकार विचारतो. दुकानदाराला तो सांगता आला नाही तर सौदा तिथेच मोडतो.

आधी थोडी हकीकत. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा १४,४०० आणि २८,८०० बिट वेगाचे मोडेम चालत. १९९६ मध्ये ३३,६०० चे आले. १९९७ मध्ये ५६,००० चे आले आणि घोळ सुरू झाला, कारण त्याच्या दोन जाती होत्या. यू. एस. रोबोटिक्सची एक्स-२ आणि रॉकवेल-ल्युसेंट यांची के-५६ फ्लेक्स. दोघींची बोली वेगळी. शेवटी १९९८ मध्ये व्ही.९० नावाचे एकच मानक ठरले. (आमचा नंदुरबार जिल्हाही त्याच वर्षी १ जुलैला धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून हे साल आमच्या लक्षात राहिले.) २००० मध्ये व्ही.९२ आले. त्यात जोडणी लवकर होते आणि पाठवण्याचा वेग ३३,६०० वरून ४८,००० पर्यंत जातो.

त्या काळी फोनचे मीटर चालू असे, म्हणून हा फरक खिशाला लागत होता. आमच्या ओळखीच्या एका कापडवाल्यांनी १९९९ मध्ये '५६ के' छापलेला डबा घेतला. आत फक्त एक्स-२ होते. समोरच्या बाजूला ती बोली नव्हती, म्हणून मोडेम ३३,६०० च्या खालीच अडकून राही. सुरतेहून नमुन्यांची चित्रे यायला लागे त्याच्या दुप्पट वेळ, आणि बिलही तसेच. विकणाऱ्याने लेबल दाखवून हात वर केले. लेबल खोटे नव्हते, अपुरे होते.

ताक्यावरचा शिक्का आम्ही वाचतो, पण भाव सूत चिमटीत धरूनच ठरवतो. मोडेमचेही तसेच आहे. डबा उघडता येत असेल तर आतल्या चिपवर चार आकडे शोधावेत. ९७२३ असेल तर १९९७ सालचा तेविसावा आठवडा. म्हणजे ही चिप व्ही.९० ठरण्याच्या आधीची. पण एवढ्यावर निकाल देऊ नये. काही मोडेमच्या आतला कार्यक्रम पुढे बदलता येत असे. वर एक्स-२ लिहिलेला डबा आतून व्ही.९० झालेला असू शकतो. अशा मालाला भंगारवाला हमखास फसतो, कधी स्वतःच्या नुकसानीत, कधी गिऱ्हाइकाच्या.

म्हणून मोडेमलाच विचारावे. विंडोज ९५ पासून एक्सपीपर्यंत हायपरटर्मिनल नावाचा कार्यक्रम संगणकातच मिळत असे. तो उघडून मोडेमचे पोर्ट निवडायचे, एटी लिहून एंटर दाबायचे. 'ओके' आले तर मोडेम जिवंत आहे. मग एटीआय३ लिहावे. पुष्कळ मोडेम आपले नाव किंवा आतल्या कार्यक्रमाची आवृत्ती सांगतात. यू. एस. रोबोटिक्सच्या डब्यावर एटीआय७ लिहिले तर कोणती मानके आहेत आणि कार्यक्रम कोणत्या तारखेचा आहे, हे सगळे पडद्यावर येते. त्या यादीत व्ही९० दिसले तर लेबल काहीही म्हणो.

एक चलाखी येथे सांगून ठेवतो. जोडणी होताच पडद्यावर 'कनेक्ट ११५२००' येते आणि विकणारा म्हणतो, पाहा केवढा वेग! तो आकडा संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या तारेचा आहे, फोनच्या तारेचा नाही. रॉकवेल जातीच्या मोडेमवर आधी एटीडब्ल्यू२ दिले तर खरा वेग दिसतो. त्यातही पूर्ण ५६ आम्ही कुणाकडेच पाहिलेला नाही. आपल्याकडच्या तारांवर ४० च्या पुढे गेले तरी लोक खूश असत.

संगणकाच्या आत बसणारी कार्डे वेगळी. लांब काळ्या आयएसए खाचेत बसणारी जुनी कार्डे बहुधा स्वतःचे काम स्वतः करतात. आखूड पांढऱ्या पीसीआय खाचेतली पुष्कळ कार्डे निम्मे काम विंडोजकडून करून घेतात, त्यामुळे कार्ड नवे असले तरी योग्य ड्रायव्हर मिळाला नाही तर ते निरुपयोगी. नऊ किंवा पंचवीस टाचण्यांच्या सिरियल पोर्टचा बाहेरचा डबा मात्र तसे पोर्ट असलेल्या कोणत्याही यंत्राला जोडता येतो. आमच्या हिशेबाने जास्त भाव त्यालाच द्यावा, मग तो ३३,६०० चा का असेना.

अडॅप्टरशिवाय आलेला डबा घेताना मागचे अक्षर वाचावे. काहींना एसी लागतो, काहींना डीसी. चुकीचा लावला तर डबा जळू शकतो. आणि केवळ 'ओके' आले म्हणून पैसे मोजू नयेत. सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाळ्यात वीज फोनच्या तारेतून येते, मोडेमची तारेकडची बाजू जळते आणि बाकीचा डबा आज्ञा ऐकत राहतो. चालू लँडलाईन लावून डायल करून पाहावे. 'नो डायलटोन' आले तर एकदा एटीएक्स३ देऊन पुन्हा डायल करावे. तरीही तार उचलत नसेल तर तो माल भंगाराचाच. विकणाऱ्याकडे लँडलाईन नसेल तर तार तपासून पसंत न पडल्यास परत, असे पावतीवर लिहून घ्यावे.