लक्षद्वीपचा तापलेला समुद्र आणि उजनीची प्रतीक्षा

उजनी जलाशयातील पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्याबाहेर आले, की इंदापूर तालुक्यात पावसाच्या चर्चेला सुरुवात होते. २०२३ च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरले नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात साठा मृतसाठ्याच्याही खाली गेला. अशा उन्हाळ्यात हवामानशास्त्रज्ञांची नजर मात्र येथून सुमारे अकराशे किलोमीटर दक्षिणेकडील मिनिकॉय बेटाच्या परिसरावर खिळलेली असते. लक्षद्वीपच्या या बेटांभोवतीचा समुद्र किती तापला आहे, हे उपग्रहांच्या साहाय्याने रोज पाहिले जाते. त्या तापमानाचा बारामती-इंदापूरशी संबंध आहे. परंतु तो सर्वसामान्यपणे समजला जातो तितका सरळ नाही.

उपग्रहाला तापमापक पाण्यात बुडविता येत नाही. प्रत्येक तापलेली वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकते आणि ती जितकी उष्ण, तितके हे किरण अधिक. समुद्राकडून येणारे असे किरण मोजून पाण्याचे तापमान काढले जाते. वाटेत हवेतील बाष्प त्यातील काही किरण शोषून घेते. ही तूट भरून काढण्यासाठी दोन निरनिराळ्या तरंगलांबींवर मापन केले जाते. बाष्पाचा परिणाम दोन्हींवर सारखा होत नसल्याने त्यांच्यातील फरकावरून किती किरण वाटेत हरवले, याचा अंदाज बांधता येतो. १९८१ पासून अमेरिकी हवामान उपग्रहांनी या पद्धतीने मापन सुरू केले. भारताचा इन्सॅट-३डी हा उपग्रह २०१३ मध्ये, तर इन्सॅट-३डीएस २०२४ मध्ये अवकाशात गेला. सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून असे उपग्रह अरबी समुद्राची चित्रे दिवसातून अनेकदा टिपतात.

या पद्धतीची मोठी अडचण म्हणजे ढग. अवरक्त किरण ढगांतून पार होत नाहीत. त्यामुळे समुद्रावर ढग दाटले, की उपग्रहाला पाण्याऐवजी ढगांचा थंड माथा दिसतो. म्हणजे ज्या दिवसांत ही माहिती सर्वाधिक हवी असते, नेमक्या त्याच दिवसांत डोळ्यांवर पट्टी! सूक्ष्मलहरी ढगांतून आरपार येतात. १९९७ ते २०१५ या काळात कार्यरत असलेल्या ‘ट्रम’ या अमेरिका-जपानच्या संयुक्त उपग्रहाने त्यांचा चांगला उपयोग करून दाखविला. परंतु या लहरींनी मिळणारे चित्र पंचवीस-पन्नास किलोमीटर इतके ढोबळ असते आणि जमिनीलगत ते विश्वासार्ह राहत नाही.

बेटांभोवती तर हा पेच अधिकच वाढतो. मिनिकॉय सुमारे दहा किलोमीटर लांब असले, तरी त्याची रुंदी जेमतेम एक किलोमीटर आहे. इन्सॅटच्या चित्रातील एक ठिपका सुमारे चार किलोमीटरचा असतो. एकाच ठिपक्यात उन्हाने तापलेली वाळू, उथळ खाजण आणि बाहेरचा खोल समुद्र एकत्र मिसळले, तर येणारा आकडा यांपैकी कोणाचाच नसतो. शिवाय वारा पडलेला असताना दुपारी पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा खालच्या पाण्याहून एखादा अंश किंवा त्याहून अधिक तापतो. म्हणून रात्रीचे मापन अधिक ग्राह्य धरले जाते, तसेच उपग्रहाचे आकडे समुद्रातील तरंगत्या उपकरणांशी ताडून पाहिले जातात. हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही संस्था १९९९ पासून महासागराविषयी अशी माहिती पुरविण्याचे काम करीत आहे.

बेटांवरील प्रवाळांसाठी हे आकडे जीवन-मरणाचे असतात. वर्षातील सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एका अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ पांढरे पडू लागतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी हे घडले.

मोसमी पावसाच्या दृष्टीने एप्रिल-मे हे महिने महत्त्वाचे. या काळात लक्षद्वीप परिसरात तीस अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाचे पाणी साचते. याचे मूळ हिवाळ्यात आणि तेही बंगालच्या उपसागरात आहे. नद्यांमुळे कमी खारट झालेले तेथील पाणी नोव्हेंबर ते जानेवारीदरम्यान श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात येते. हे हलके पाणी खालच्या खारट पाण्यात सहजासहजी मिसळत नाही आणि सूर्याची उष्णता वरच्या पातळ थरातच कोंडून राहते. हा थर उपग्रहाला दिसत नाही. त्याला केवळ पृष्ठभाग दिसतो. म्हणूनच २००३ च्या मार्च ते जूनमध्ये ‘आर्मेक्स’ मोहिमेत भारतीय शास्त्रज्ञ जहाज घेऊन प्रत्यक्ष तेथे गेले. या उष्ण पाण्यावरच काही वर्षी मोसमी वाऱ्यांना वर खेचणारे चक्राकार वारे तयार होतात. मोसमी पाऊस केरळात दाखल झाल्याची घोषणा करताना हवामान खाते ज्या १४ केंद्रांवरील पाऊस पाहते, त्यांत मिनिकॉय आणि अमिनी ही दोन बेटे आहेत.

येथपर्यंतचे चित्र पाहून ‘लक्षद्वीप तापले, आता इंदापूरला पाऊस’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मोसमी पाऊस केव्हा आला, यावरून तो एकंदर किती पडेल हे सांगता येत नाही. २०२५ मध्ये तो २४ मे रोजी, म्हणजे नेहमीच्या १ जूनच्या आठवडाभर आधी केरळात पोहोचला. दुसऱ्याच दिवशी बारामती तालुक्यात अतिवृष्टीने नीरा डावा कालवा फुटला. पण त्या पावसामागे कोकण किनाऱ्यावर आलेला कमी दाबाचा पट्टाही होता. २०२३ मध्ये प्रशांत महासागरातील एल निनोने पावसावर परिणाम केला. ते पाणी लक्षद्वीपपासून हजारो किलोमीटर दूर आहे.

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतील. वर्षाकाठी साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस आणि त्यातही सप्टेंबरवर मोठी भिस्त. येथील उसाला तारणारे पाणी बव्हंशी सह्याद्रीच्या माथ्यावर पडते. ते भाटघर आणि वीर धरणांत साठून नीरेच्या कालव्यांतून, तर भीमा, मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणीच्या खोऱ्यांतून उजनीत येते. त्यामुळे जून सरला, की इंदापुरात लक्षद्वीपच्या तापमानापेक्षा दौंडजवळ भीमेचा विसर्ग किती क्युसेक झाला, याचीच चौकशी अधिक होते.