शीआन : चिनी छपराखालची मस्जिद आणि आणखी बरेच काही

चीनला जायचे म्हटले की आपल्या घरांत पहिले दोन प्रश्न ठरलेले: तिथे खायचे काय आणि नमाज पढायची कुठे? शान्शी प्रांताची राजधानी शीआन हे असे शहर आहे, जिथे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच मोहल्ल्यात मिळतात. म्हणून चीनला प्रथमच जाणाऱ्यांना आम्ही शीआनपासून सुरुवात करा असे सांगतो. दोन-तीन दिवस हाताशी असावेत.

शीआनचे जुने नाव छांगआन. तांग घराण्याची (इ.स. 618 ते 907) ही राजधानी आणि रेशीम मार्गाचे पूर्वेकडचे टोक. हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीत, इ.स. 651 मध्ये, अरबांचे शिष्टमंडळ तांग दरबारात आल्याची नोंद चिनी इतिहासग्रंथांत आहे. पुढे अरब-इराणी व्यापारी इथे स्थायिक झाले. आजचे हुई मुसलमान या जुन्या नात्याचे वारस.

मोठी मस्जिद

शहराच्या मध्यभागी घंटा मनोरा (1384) आणि जवळच नगारा मनोरा (1380) आहे. नगारा मनोऱ्याच्या कमानीतून पलीकडे गेलात की मुस्लिम मोहल्ला सुरू होतो. डावीकडच्या अरुंद, दुकानांनी भरलेल्या गल्लीतून चालत मस्जिदीपाशी पोहोचता येते. परंपरेने तिची स्थापना 742 ची मानतात. आजच्या बऱ्याचशा इमारती मिंग काळातल्या, चौदाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या आहेत.

घुमट शोधू नका, सापडणार नाही. एकामागून एक अंगणे, लाकडी कमान, वर वळलेल्या कडांची कौलारू छपरे आणि मिनाराच्या जागी अष्टकोनी चिनी मनोरा. नमाजगृहात मात्र लाकडी तक्त्यांवर कुरआनच्या आयती कोरलेल्या आहेत. चिनी मंदिरे बहुधा दक्षिणाभिमुख असतात. ही मस्जिद पूर्व-पश्चिम मांडली आहे, कारण किबला पश्चिमेला. आपल्यासारखाच! नमाजगृहात फक्त मुसलमानांनाच प्रवेश असतो, त्यामुळे वुजू करून एका नमाजेला जमातीत जरूर उभे राहा.

‘तुम्ही इतके चांगले मराठी कसे बोलता?’ हा प्रश्न आपल्यापैकी कोणाला ऐकावा लागलेला नाही? या अंगणात उभे राहिल्यावर त्याचे उत्तर देण्याची गरजच वाटत नाही. छप्पर इथल्या मातीचे आणि रुख काब्याकडे. शेकडो वर्षे इथे दोन्ही एकत्र नांदत आहेत.

मोहल्ल्यातले जेवण

‘छिंगचन’ हा शब्द पाठ करा. हलालसाठी चिनी शब्द तोच. त्याची दोन चिनी अक्षरे मोबाईलमध्ये जतन करून ठेवा आणि पाटीवर तीच शोधा. मोहल्ल्याबाहेर डुकराच्या मांसाचा व चरबीचा वापर सर्रास असतो, तेव्हा हॉटेलच्या नाश्त्यालाही विचारूनच हात लावा.

‘यांगरोउ पाओमो’ चुकवू नका. जाड रोटी आणि रिकामा वाडगा समोर येतो. रोटीचे वाटाण्याएवढे तुकडे आपणच करायचे. मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्श्यात शिजून परत येतो. सोबत मुरवलेला लसूण. रश्श्यात भाकरी चुरून खाणाऱ्या माणसाला हे जेवण परके वाटत नाही.

तटबंदी, मातीचे सैन्य आणि युआन श्वांग

मिंग काळातली तटबंदी सुमारे 14 किलोमीटर लांब असून अजून शाबूत आहे. वर भाड्याने सायकल मिळते. मुलांसह संध्याकाळी जावे.

एक दिवस सम्राट छिन शी हुआंगच्या मातीच्या सैन्यासाठी ठेवा. शहरापासून ते सुमारे 40 किलोमीटरवर आहे. 1974 मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडले. पुतळे माणसाएवढे, संख्येने हजारो, आणि चेहरे वेगवेगळे.

‘मोठा रानहंस पॅगोडा’ मराठी माणसाने पाहायलाच हवा. भारतातून ग्रंथ घेऊन 645 मध्ये परतलेल्या युआन श्वांगसाठी तो 652 मध्ये बांधला गेला. शाळेत शिकवला जाणारा हाच तो प्रवासी, जो पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला होता. इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमान सहन करत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले.

निघण्यापूर्वी

- व्हिसा आधी काढा. गुगल व व्हॉट्सअॅप तिथे सहजी चालत नाहीत. नकाशे आणि भाषांतराची सोय आधीच करून ठेवा.
- पैसे बहुतेक ठिकाणी मोबाईलवरून दिले जातात. थोडी रोख रक्कमही जवळ असू द्या.
- संपूर्ण चीनमध्ये बीजिंगचीच वेळ चालते, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. शीआन बीजिंगच्या बरेच पश्चिमेला असल्याने तिथे सूर्य उशिरा माथ्यावर येतो. जोहरची वेळ घड्याळाच्या अंदाजाने धरू नका, स्थानिक वेळापत्रक पाहा.
- एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने बरे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र राष्ट्रीय सुट्टीची गर्दी असते.

भाषा येत नाही म्हणून संकोचू नका. मस्जिदीत सलाम करा. त्या एका शब्दाला दुभाष्या लागत नाही.