मलम लावले, तरी नायटा का परततो?

पावसाळ्यात जांघेत किंवा कमरेवर गोल, लालसर चट्टा उठतो. खाजेने जीव नकोसा होतो. शेजाऱ्यांनी सांगितलेली ट्यूब मेडिकलमधून आणली जाते. दोन-तीन दिवसांत खाज थांबते, ट्यूब कपाटात जाते आणि महिन्याभरात चट्टा पुन्हा उगवतो, तोही एकाऐवजी दोन ठिकाणी. घरोघरी येणारा हा अनुभव समजून घ्यायचा असेल, तर त्वचेवर लावायचे औषध कसे काम करते हे आधी पाहायला हवे.

नायटा किंवा गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग आहे. ही बुरशी त्वचा, केस आणि नखे यांतील केराटिन या प्रथिनावर जगते. तिचा मुक्काम त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या, मृत पेशींच्या थरात असतो. हा थर बहुतेक ठिकाणी केसापेक्षाही पातळ, पण भक्कम असतो. पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना, अशी त्याची रचना असते. साधारण ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू या भिंतीतून सहसा आत शिरत नाहीत. त्यामुळे प्रयोगशाळेतील बशीत बुरशी मारणारे प्रत्येक रसायन मलम म्हणून चालत नाही. ते त्वचेत मुरले पाहिजे आणि तिथे टिकलेही पाहिजे.

दुसरी अडचण म्हणजे बुरशीच्या पेशी जीवाणूंपेक्षा आपल्या पेशींना जवळच्या. तिला मारायचे आणि आपल्या पेशींना धक्का लावायचा नाही, तर दोघांतला फरक शोधावा लागतो. असा एक फरक पेशीच्या आवरणात सापडला. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल आणि टर्बिनाफिन ही औषधे एर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर अडथळा आणतात.

औषध कशात कालवले आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. घामेजणाऱ्या जांघेत तेलकट, घट्ट मलम ओलावा कोंडून ठेवते. तिथे हलके क्रीम बरे. भेगाळलेल्या टाचेला मात्र तेच घट्ट मलम मानवते. नखाची बुरशी सर्वांत चिवट, कारण नख जाड आणि कठीण. खास नखासाठी बनवलेल्या एफिनाकोनॅझोल आणि टॅव्हाबोरोल या दोन औषधांना अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. त्यांपैकी एफिनाकोनॅझोल ४८ आठवडे रोज लावूनही चाचण्यांत शंभरातले १५ ते १८ जणच पूर्ण बरे झाले.

खरजेचा सूक्ष्म किडाही याच बाहेरच्या थरात बीळ करून अंडी घालतो. तिथे ५ टक्के पर्मेथ्रिनचे क्रीम पोहोचते. पण ते फक्त खाजेच्या जागी लावून भागत नाही. मोठ्या माणसांनी मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावून ८ ते १४ तास ठेवायचे, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण आठवड्याने पुन्हा लावायचे असते. एक जण राहिला, तरी खरूज घरात फिरत राहते.

मग नायटा का परततो? एक मोठे कारण ट्यूबमध्येच असते. अनेक मलमांत बुरशीरोधक औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड आणि जंतुनाशक मिसळलेले असते. स्टेरॉइडने लाली आणि खाज झटपट ओसरते, पण ती लाली म्हणजे शरीराची बुरशीशी चाललेली झुंज असते. झुंज थंडावते, बुरशी मोकळी पसरते. चट्ट्याची कड पुसट झाल्याने डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. जांघेतली त्वचा पातळ होऊन कायमचे व्रण पडतात. २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन घातले. तरीही अशा ट्यूब मागितल्या की सहज मिळतात.

दरम्यान, बुरशीही बदलली. भारतात पसरलेल्या एका प्रकाराला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले. टर्बिनाफिन जिथे जाऊन बसते, ती जागाच तिच्या काही वाणांत जनुकीय बदलामुळे बदलली आहे, त्यामुळे औषध लागू पडत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण आढळले. नवे औषध बाजारात यायला वर्षानुवर्षे लागतात, म्हणून हाती असलेली औषधे जपूनच वापरायला हवीत.

ट्यूब घेताना बारीक अक्षरांतला मजकूर वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असे नाव दिसले, तर त्यात स्टेरॉइड आहे. नायट्यावर ती आपल्या मनाने लावू नका. डॉक्टरांनी दिलेले मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा. चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. बहुधा आणखी दोन आठवडे लागतात. टॉवेल वेगळा ठेवा, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. आणि कपाटातली ती जुनी, अर्धी ट्यूब शेजाऱ्याला देऊ नका.