फुटलेल्या बांगड्यांचा पुरावा

रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर हिंदी सिनेमा लागायचा. ‘तो’ प्रसंग आला की वडील पेपर उघडून बसायचे, आई भाजी ढवळायला उठायची आणि आम्ही पोरं छताकडे बघायचो. खरं तर पडद्यावर असायचं काय? बांगड्या फुटायच्या, दिवा विझायचा, बाहेर वीज कडाडायची. घरात या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही. बलात्कार म्हणजे काय, हे आमच्या पिढीला त्या फुटलेल्या बांगड्यांनीच शिकवलं, आणि बरंचसं चुकीचं शिकवलं.

गैरसमज : बलात्कारी म्हणजे अंधारात दबा धरून बसलेला अनोळखी गुंड.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात 2022 साली देशभरात बलात्काराचे 31,516 गुन्हे नोंदले गेले. अलीकडचं कुठलंही वर्ष घ्या, शंभरातल्या नव्वदहून जास्त प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा निघतो. शेजारी, नातेवाईक, मालक, मित्र, नाहीतर लग्नाचं वचन दिलेला. या बाबतीत हिंदीतल्या अड्डेवाल्या खलनायकापेक्षा आपला मराठी ग्रामीण चित्रपट वास्तवाच्या जवळ होता असं मला वाटतं. त्यातला पाटील किंवा सरपंच अख्ख्या गावाच्या ओळखीचा असायचा, आणि ओळखीचा असल्यामुळेच त्याच्याविरुद्ध बोलायची सोय नसायची. असे पाटील रंगवणारे निळू फुले म्हणजे राष्ट्र सेवा दलात घडलेला सज्जन माणूस, पण गावोगावच्या बाया त्यांना बघून बिचकायच्या. निळूभाऊ ती आपल्या कामाची पावती समजत. आता त्यांच्या नावावर खपणारं ‘बाई, वाड्यावर या’ हे गॅदरिंगमधल्या नकलाकारांचं हमखास हशाचं वाक्य झालं आहे. वाड्यावर बोलावणं म्हणजे काय, याचा विचार हसताना कोण करतो?

गैरसमज : खरंच जबरदस्ती झाली असती तर ती ओरडली असती, अंगावर ओरखडे असते.

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने केलं. 26 मार्च 1972 ची रात्र. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आता गडचिरोलीत असलेलं देसाईगंज. भावाने केलेल्या तक्रारीच्या चौकशीसाठी एक अल्पवयीन आदिवासी मुलगी नातेवाइकांबरोबर पोलीस ठाण्यात आली होती. इतरांना बाहेर पाठवून तिला आत थांबवून घेतलं गेलं. बलात्काराचे आरोपी दोन पोलीस. 1974 साली सत्र न्यायालयाने, मुलीला संभोगाची सवय होती असं म्हणत त्यांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये तो निकाल फिरवला : भीतीने मुकाट राहणं म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पुन्हा दोघांना निर्दोष ठरवलं. कारण? अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, आरडाओरडा केल्याचं पटत नाही.

न्यायमूर्ती सिनेमे बघून निकाल देत होते, असं मी म्हणत नाही. पण मोजपट्टी तीच होती. फुटलेल्या बांगड्या दाखवा, मग विश्वास ठेवू.

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं. संभोगाची ‘सवय’ तपासणारी दोन बोटांची चाचणी मात्र चालूच राहिली. ती करणं हे गैरवर्तन आहे, असं सर्वोच्च न्यायालयाला 2022 मध्ये बजावावं लागलं.

शरीराचं म्हणाल, तर भीतीने माणूस पळतो किंवा लढतो, तसा गोठतोही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचारांसाठी आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या 70 टक्के स्त्रियांचं शरीर त्या वेळी लक्षणीय प्रमाणात ताठरलं होतं. हात उचलायचा म्हटलं तरी उचलत नाही, अशी ती अवस्था.

गैरसमज : सिनेमा बघून पोरं बलात्कार करतात. किंवा उलट : सिनेमा ही नुसती करमणूक, त्याने काय होतंय?

दोन्ही सोयीचे. मॅलमथ आणि चेक या संशोधकांनी कॅनडात एक प्रयोग केला, तो 1981 मध्ये छापून आला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी चित्रपटगृहात नेहमीचे दोन सिनेमे बघायला पाठवलं. दोन्हींत पुरुषाने केलेली जबरदस्ती बाईला शेवटी आवडते. काही दिवसांनी वर्गात, सिनेमाचा उल्लेखही न करता, एक प्रश्नावली भरून घेतली. हे सिनेमे बघितलेल्या मुलांना बाईवर हात उचलणं इतरांपेक्षा जास्त मान्य वाटत होतं. त्यांनी गुन्हा केला असं यातून निघत नाही, पण नजर सरकली होती. आता ‘नाही’ म्हणणाऱ्या नायिकेच्या मागे गाणं म्हणत फिरणारे आपले नायक आठवा.

गैरसमज : लग्न लावून दिलं की न्याय झाला.

‘राजा की आयेगी बारात’मध्ये न्यायालयच बलात्काऱ्याला पीडितेशी लग्न करायला लावतं. प्रत्यक्षात बलात्काराच्या खटल्यात लग्नासारख्या तडजोडीचा विचारही करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केलं.

गैरसमज : दाखवल्याशिवाय लोकांना कळणार कसं?

1980 साली दोन सिनेमे आले. ‘इन्साफ का तराजू’ने बलात्काराविरुद्ध बोलता बोलता तो प्रसंग लांबवून, रंगवून दाखवला. कोर्टात डॉ. श्रीराम लागूंनी केलेली उलटतपासणी वास्तवाला धरून होती, पण थिएटरातली गर्दी तेवढ्यासाठी नव्हती. दुसरा गोविंद निहलानींचा, तेंडुलकरांनी लिहिलेला ‘आक्रोश’. त्यात कॅमेरा पुन्हा पुन्हा लहान्याच्या, म्हणजे पीडितेच्या नवऱ्याच्या, गप्प चेहऱ्यावर थांबतो. वकील विचारत राहतो, लहान्या बोलत नाही. मला बलात्कार कळला तो या दुसऱ्या सिनेमात.

आणि ती न्हाणीघरातली नायिका. शॉवरखाली बसून अंग खसाखसा घासणारी. तसं करावंसं वाटणं खरं आहे, पण अंघोळ केली म्हणजे सगळं संपलं, हे खरं नाही. सरकारी सूचनांनुसार डॉक्टर 96 तासांपर्यंत नमुने घेऊ शकतात. 2013 पासून सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयाने मोफत उपचार करायचे आहेत आणि त्यासाठी आधी एफआयआर दाखवावा लागत नाही. कपडे धुवायचे नाहीत. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवायचे. प्लास्टिकच्या नको, त्यात ओल धरते.