गिअर ऑइलमधलं लोखंड कुणाचं?

रायपूरच्या भनपुरीत आणि पुढे उरला-सिलतराच्या पट्ट्यात रोलिंग मिल आणि स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. खनिज, कोळसा आणि सळया ओढणाऱ्या ट्रकच्या गिअर बॉक्सवर इथे दुहेरी मार बसतो : आत वजनाचा, बाहेर धुळीचा.

मिस्त्री ड्रेन प्लग काढतो, चुंबकाला चिकटलेला कीस पाहतो, तेल बोटांत चोळतो. बारीक राखाडी लेप दिसला तर घाबरायचं कारण नसतं. कपची निघाली तर बॉक्स उतरवावाच लागतो. पण कपची निघेपर्यंत दात गेलेला असतो. तेलाची तपासणी उपयोगी पडते ती त्याआधी.

प्रयोगशाळेत तेल प्लाझ्माच्या ज्वाळेत जाळतात. प्रत्येक धातू आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देतो, त्यावरून दहा लाख भागांत तो किती, हे कळतं. लोखंड बहुधा गिअर आणि शाफ्टचं, तांबं सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांचं किंवा बुशचं, ॲल्युमिनियम हौसिंगचं. मात्र तांबं वाढलं म्हणजे रिंग झिजलीच, असं नाही. जीएल-४ दर्जाचं तेल सांगितलेल्या बॉक्समध्ये जीएल-५ ओतलं, तर त्यातली गंधक-फॉस्फरसची जादा रसायनं पितळ खाऊ शकतात. तिथे रिंगेआधी तेलाचा डबा तपासावा.

भनपुरीत खरा पेच लोखंडाचा आहे. इथल्या धुळीतच लोहखनिज असतं. ब्रीदर किंवा सील खराब असेल, तर ते थेट तेलात उतरतं. म्हणून लोखंडाबरोबर मातीतलं सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमही चढलं, तर आधी धुळीवर संशय घ्यावा. अर्थात हीच धूळ पुढे दात घासते, तेव्हा निश्चिंत होण्यासारखं त्यात काही नाही. सिलिकॉन जागेवर आणि लोखंड एकटंच चढत असेल, तर झीज आतली.

प्लाझ्माच्या या यंत्राला साधारण आठ मायक्रॉनहून मोठा कण नीट दिसत नाही. दात सोलायला लागला की कण मोठे होतात आणि अहवालात लोखंड चक्क कमी दिसू शकतं! त्यासाठी मोठे लोहकणही टिपणारी चाचणी, म्हणजे चुंबकीय पीक्यू निर्देशांक किंवा फेरोग्राफी, मागून घ्यावी.

एका आकड्यावर बॉक्स उघडू नका. गाडी चालवून आणल्यावर, तेल गरम असतानाच, कोरड्या बाटलीत मधल्या धारेचा नमुना घ्या. तेलाचे किलोमीटर लिहा. आणि पहिल्या खेपेला तुलनेसाठी त्याच डब्यातल्या नव्या तेलाची बाटलीही सोबत पाठवा.